‘इतर’ नावाचा रकाना

सातबाराचा उतारा हातात आला की जाणकार माणूस मालकाचे नाव वाचून थांबत नाही. तो आधी ‘इतर अधिकार’ हा रकाना पाहतो. सोसायटीचे कर्ज, बँकेचा बोजा, कुळाचा हक्क, विहिरीतला हिस्सा, सारे तिथे लिहिलेले असते. रकान्याचे नाव ‘इतर’. पण ठरलेला व्यवहार मोडतो तो पुष्कळदा त्याच्यामुळेच. घरखर्चाच्या वहीचेही तसेच. दूध, किराणा, वीज, शाळेची फी यांचा हिशेब चोख लागतो आणि महिनाअखेरीस डोळ्यांत भरतो तो ‘किरकोळ’चा आकडा.

श्रोतेहो, आज मी ज्या ‘इतर’विषयी बोलणार आहे तो जमिनीच्या किंवा वाणसामानाच्या हिशेबातला नाही. तो आहे कर्करोगाच्या नोंदवहीतला. मी डॉक्टर नाही. माणसांनी आजारांच्या याद्या कशा केल्या, मृत्यूंची मोजदाद कशी केली, हा माझ्या वाचनाचा विषय. त्या वाचनात एक गोष्ट मला पुन:पुन्हा भेटत गेली. यादीच्या तळाशी ‘इतर’, ‘अनिर्दिष्ट’, ‘संकीर्ण’ अशी जी ओळ असते, ती कुणी वाचत नाही. आणि ती न वाचल्याची किंमत कधी कधी रुग्णांना मोजावी लागते.

आधी हा कारभार कसा चालतो ते पाहू. शरीरातून गाठ काढली किंवा तिचा तुकडा घेतला, की तो पॅथॉलॉजिस्टकडे जातो. तो तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवतात, त्याचे अतिशय पातळ काप काढतात, रंग देतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहून गाठीला नाव देतात. त्या नावाचा पुढे एक संकेतांक होतो. तो संकेतांक नोंदणी कार्यालयात जातो, तिथून संशोधकांच्या संगणकात जातो. कुठल्या कर्करोगाचे किती रुग्ण, कुठले औषध कुणाला लागू पडले, पैसा कुठे खर्च करायचा, हे सगळे मग त्या आकड्यांवरून ठरते.

आता जिला ठाम नाव मिळाले नाही ती गाठ कुठे जाते? ‘इतर’मध्ये. पण तिथे चार निरनिराळ्या वाटांनी आलेल्या गाठी एकत्र बसलेल्या असतात. एक, जिची पुरेशी तपासणीच झाली नाही. दुसरी, जिची तपासणी झाली पण कारकुनाच्या कागदापर्यंत नाव पोहोचले नाही. तिसरी, जिची सारी तपासणी झाली आणि तरीही ती माहीत असलेल्या कुठल्याच नावात बसली नाही. आणि चौथी, जिला चांगले स्वतंत्र नाव आहे, पण यादी करणाऱ्याला तिच्यासाठी वेगळी ओळ राखावीशी वाटली नाही. या चौघींचे काहीही नाते नाही. एका छपराखाली आल्या म्हणून आपण त्यांना एक कुटुंब समजतो, आणि घोटाळा तिथून सुरू होतो.

हा घोटाळा जुना आहे. जॉन ग्राँट हा लंडनचा कापडाचा व्यापारी. शहरातल्या मृत्यूंचे आठवड्याचे तक्ते तेव्हा छापले जात. ते जमवून, त्यांचा ताळा करून त्याने १६६२ साली एक छोटे पुस्तक काढले. लोकसंख्येच्या शास्त्राची सुरुवात त्या पुस्तकापासून मानतात. त्याच्या तक्त्यात कर्करोगाला स्वतंत्र ओळ नाही. कर्करोग, गँगरीन आणि नाडीव्रण हे तिन्ही मिळून एक ओळ! मृत्यूचे कारण सांगायचे काम वयस्क बायका करीत. त्या घरोघर जाऊन प्रेत पाहत आणि कळवत. ग्राँटच्या ध्यानात आले की उपदंशाने मेलेल्यांची संख्या फारच थोडी दिसते, आणि तीही मुख्यत: दोनच ठिकाणांहून येते. त्याने ताडले की बाकीचे रुग्ण ‘व्रण’ आणि ‘क्षय’ यांसारख्या सभ्य ओळींत लपले आहेत. बदनामी नको म्हणून कुणी पैसे चारतो, कुणी मद्य पाजतो. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या या दुकानदाराला मी मानतो ते यासाठी, की त्याने नुसते आकडे वाचले नाहीत. तो आकडा त्या ओळीत कसा आला असेल, हेही विचारले.

पुढची मोठी पायरी १८९३ची. पॅरिस शहराच्या सांख्यिकी खात्याचे प्रमुख जाक बर्तियाँ यांनी शिकागोच्या परिषदेत मृत्यूच्या कारणांची यादी मांडली. १९०० साली पॅरिसला २६ देशांचे प्रतिनिधी जमले आणि तिची १७९ गटांची सुधारित आवृत्ती मान्य झाली. आज जगभर जिला ‘आयसीडी’ म्हणतात त्या यादीची ही पूर्वज. आजार शरीराच्या कुठल्या भागात आहे, याला या यादीत मोठे स्थान होते. कर्करोगही अवयवानुसार मोजला गेला: जठराचा, स्तनाचा, गर्भाशयाचा. मृत्यूच्या दाखल्यासाठी ते ठीक होते. पण एकाच अवयवात वेगवेगळ्या स्वभावाच्या गाठी होतात, हे एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन पॅथॉलॉजिस्टांना सूक्ष्मदर्शकाने आधीच दाखवून दिले होते. गाव तेच, घर तेच, पण माणसे निराळी. आणि यादी मात्र फक्त गावाचे नाव लिहून घेणारी.

गाठींच्या प्रकारांची जागतिक यादी व्हायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. जागतिक आरोग्य संघटनेने १९५६ साली हा विचार हाती घेतला. एकाच गाठीला लंडनमध्ये एक नाव, न्यूयॉर्कमध्ये दुसरे, अशाने तुलना करायची कशी, हा प्रश्न होता. १९६७ मध्ये फुप्फुसाच्या गाठींवरचे पहिले पुस्तक निघाले. मुख आणि घशाच्या गाठींवरचे पुस्तक १९७१ साली आले. त्याचे काम आपल्या आग्रा शहरातल्या केंद्रात डॉ. पी. एन. वाही यांच्या नेतृत्वाखाली झाले होते, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते. १९७६ साली कर्करोगासाठी खास संकेतांकांचे पुस्तक आले, ‘आयसीडी-ओ’. त्यात जागेसाठी एक अंक आणि पेशींच्या प्रकारासाठी दुसरा, अशी सोय झाली.

या पुस्तकात तीन इंग्रजी अक्षरे जागोजागी दिसतात: एनओएस. अर्थ असा, की याहून अधिक काही नमूद केलेले नाही. ८०००/३ म्हणजे नुसतीच ‘घातक गाठ’. ८०१०/३ म्हणजे ‘कार्सिनोमा, एनओएस’. ८१४०/३ म्हणजे ‘अॅडिनोकार्सिनोमा, एनओएस’. पुस्तक करणाऱ्यांनी हे प्रामाणिकपणे केले होते. जेवढे कळले तेवढेच लिहा, अंदाजाने नाव देऊ नका, असा त्यामागचा हेतू. हेतू उत्तमच. पण नोंद करणाऱ्याची ही कबुली पुढच्या माणसाच्या हातात गेली, की त्याला ती गाठीची जात वाटू लागते. ‘आम्हाला माहीत नाही’ हे वाक्य हळूहळू एका आजाराचे नाव होऊन बसते.

याचे परिणाम काय होतात, ते एका गाठीच्या कहाणीवरून सांगतो. जठराच्या आणि आतड्याच्या भिंतीत काही गाठी होतात. त्यांच्या पेशी लांबट, चातीसारख्या. आतड्याच्या भिंतीत गुळगुळीत स्नायू असतो, म्हणून ही गाठ त्या स्नायूचीच असणार, असे कित्येक वर्षे समजले गेले आणि तिला ‘लायोमायोसार्कोमा’ आणि तत्सम स्नायूंची नावे मिळत राहिली. १९८३ साली मायकेल मझूर आणि ब्रेंट क्लार्क या दोन अमेरिकन पॅथॉलॉजिस्टांनी या गाठी पुन्हा तपासल्या. त्यांपैकी पुष्कळ गाठींत स्नायूची लक्षणे दिसेनात. त्यांनी ‘स्ट्रोमल ट्यूमर’ हे तटस्थ नाव सुचवले. १९९८ साली जपानमधल्या हिरोता आणि किटामुरा यांच्या गटाने दाखवले, की या गाठींमध्ये ‘किट’ नावाच्या जनुकात बिघाड असतो. आतड्याची लयबद्ध हालचाल चालवणाऱ्या काहाल पेशींशी या गाठींचे नाते आहे, हेही त्याच सुमारास पुढे आले. गाठीचे कूळ निराळेच निघाले. आज तिला ‘जिस्ट’ म्हणतात.

नाव बदलले, एवढ्यावर ही गोष्ट संपली असती तर ती मी इथे सांगितली नसती. या गाठी नेहमीच्या केमोथेरपीला जवळजवळ दाद देत नसत. शस्त्रक्रियेनंतर उलटल्या की डॉक्टरांचा नाइलाज होई. त्या सुमारास इमॅटिनिब नावाचे औषध रक्ताच्या एका कर्करोगासाठी तपासले जात होते, आणि ते ‘किट’वरही काम करते हे ठाऊक होते. मार्च २००० मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकी येथे जिस्ट पसरलेल्या एका स्त्रीला ते दिले गेले. काही आठवड्यांतच तिच्या गाठी आक्रसू लागल्या. २००२ साली अमेरिकेत या गाठीसाठी औषधाला मान्यता मिळाली. जिथे महिने मोजायचे तिथे अनेक रुग्ण वर्षे मोजू लागले.

आता विचार करा. १९९८च्या आधी सार्कोमावर औषधांच्या ज्या चाचण्या झाल्या, त्यांत या गाठी खऱ्या स्नायूच्या गाठींबरोबर एकाच गटात मोजल्या गेल्या. म्हणजे औषध स्नायूच्या गाठीला थोडेफार लागू पडत असले, तरी जिस्टच्या गर्दीमुळे सरासरी खाली येणार. एका चुकीच्या खात्याने दोन्ही प्रकारच्या रुग्णांचा हिशेब बिघडवला. नोंदवह्यांतही गंमत झाली. नवे नाव रुळले तसे जिस्टचे आकडे झपाट्याने वाढलेले दिसू लागले. जणू नवा रोग आला! प्रत्यक्षात रुग्ण एका रकान्यातून दुसऱ्यात गेले होते. पश्चिम स्वीडनमधल्या संशोधकांनी मग १९८३ ते २००० या काळातले जपून ठेवलेले मेणाचे ठोकळे बाहेर काढून पुन्हा तपासले. दर वर्षी दर दहा लाखांत सुमारे १४.५ माणसांना हा आजार होत होता, असे त्यातून निघाले. कागदावरचे नाव निराळे असले तरी आजार तिथे होताच. ठोकळे टाकून दिले असते तर हे कधीच कळले नसते.

दुसरे उदाहरण याहून फसवे आहे. काही वेळा ‘इतर’चा रकाना भारदस्त नाव धारण करतो. १९६० आणि ७०च्या दशकांत ‘मॅलिग्नंट फायब्रस हिस्टिओसायटोमा’ हे नाव रूढ झाले. हातापायांतल्या मऊ ऊतींच्या, वेड्यावाकड्या पेशींच्या गाठीला ते दिले जाई. काही वर्षांतच ती प्रौढांमधली सर्वाधिक आढळणारी सार्कोमा ठरली. नाव इतके लांबलचक, की त्यामागे पक्के ज्ञान असणार असे कुणालाही वाटावे! १९९२ साली क्रिस्टोफर फ्लेचर यांनी अशा वळणाच्या १५९ गाठी नव्या पद्धतींनी पुन्हा पाहिल्या. निम्म्याहून अधिक गाठींना दुसरे नेमके नाव देता आले. काही तर सार्कोमाच नव्हत्या. अखेर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३च्या वर्गीकरणातून ते नाव गेले. उरलेल्या गाठींना आता ‘अविभेदित’ असे सरळ म्हणतात. मला हा बदल फार आवडतो. ज्ञान वाढले ते वाढलेच. शिवाय जे कळले नाही त्याला कळल्याचा वेष चढवायचे थांबले.

तिसरा प्रकार नकाराचा. आपल्याकडे ‘बिगरशेती’ जमीन असते. तिच्यावर बंगला असेल, कारखाना असेल किंवा मंगल कार्यालय असेल. यांच्यात साम्य एवढेच की तिथे नांगर चालत नाही. फुप्फुसाच्या कर्करोगात असाच ‘नॉन-स्मॉल सेल’ हा गट आहे. लहान पेशींच्या गाठीचे उपचार वेगळे, म्हणून उरलेल्या सगळ्या एका टोपलीत. त्या गाठींना स्वतंत्र नावे नव्हती असे नाही. १९६७च्या पहिल्याच पुस्तकात ती होती. पण उपचारात फरक पडत नव्हता, म्हणून अहवालात आणि संशोधनाच्या तक्त्यांत ती लिहिण्याचे कष्ट अनेकदा कुणी घेत नसे.

मग २००४ साली ‘ईजीएफआर’ या जनुकातले बदल सापडले. ते मुख्यत: अॅडिनोकार्सिनोमात होते आणि त्यांच्यावर काम करणाऱ्या गोळ्या होत्या. २००७ मध्ये जपानमध्ये हिरोयुकी मानो यांच्या गटाला ‘एएलके’ जनुकाचा दुसरा बदल सापडला. पेमेट्रेक्सेड हे औषध स्क्वेमस प्रकारच्या गाठीत फारसे उपयोगी नाही, हेही स्पष्ट झाले. आता टोपलीत नेमके काय आहे हे जाणणे अगत्याचे झाले. २०११ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी पॅथॉलॉजिस्टांना सांगितले, की ‘एनओएस’ हा शेरा होईल तितका कमी वापरा. पण मागच्या काळातल्या ज्या नोंदींत फक्त ‘नॉन-स्मॉल सेल’ लिहिले होते, त्यांचे काय? जिथे ठोकळे उरले नव्हते, तिथे त्या रुग्णांकडून शिकण्याची संधी कायमची गेली.

इथवरची उदाहरणे परदेशची झाली. आता आपल्याकडे येऊ. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ला सुरू झाले. तिथल्या प्रयोगशाळेची घडी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी बसवली. १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईत देशातली पहिली लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी सुरू केली. १९८१-८२ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला देशातली पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम हा तिचा मुलूख. रुग्ण दवाखान्यापर्यंत पोहोचतच नसेल तर त्याची नोंद कुठून होणार? म्हणून तिथले कार्यकर्ते गावोगाव फिरले. या सगळ्या नोंदण्या आपल्या अहवालात एक गोष्ट आवर्जून छापतात: किती रुग्णांची खात्री सूक्ष्मदर्शकाने झाली आणि किती रुग्णांच्या गाठीचे मूळ स्थान कळले नाही. ‘इतर’ आणि ‘अज्ञात’ यांचे प्रमाण हे नोंदणीच्या प्रकृतीचे माप मानले जाते. ही शिस्त मला फार मोलाची वाटते.

पण एक गोष्ट मला नेहमी बोचते. तंबाखू गालात धरणारा देश आपला. त्यामुळे गालाच्या आतल्या अस्तराचा आणि हिरडीलगतचा कर्करोग आपल्याकडे भरपूर. आता आयसीडीच्या दहाव्या आवृत्तीत पाहा. ओठाला स्वतंत्र गट, जिभेला आहे, हिरडीला आहे, टाळूला आहे. आणि गालाचे अस्तर? ते सी-०६ या गटात. त्या गटाचे नाव आहे, ‘मुखाचे इतर व अनिर्दिष्ट भाग’! गालासाठी आत सी-०६.० असा उपसंकेतांक आहे, हे खरे. पण ज्या तक्त्यात फक्त मुख्य गट छापले जातात, तिथे आपल्याकडचा हा ठळक कर्करोग ‘इतर’ म्हणून येतो, आणि ज्याची जागाच कुणी लिहिली नाही अशा मुखाच्या कर्करोगात मिसळून जातो. ज्या देशांत यादी घडली तिथे गालाचा कर्करोग विरळा होता. यात कुणाचा कट नाही. पण ‘इतर’ म्हणजे काय, हे वस्तूवर ठरत नाही. यादी कुणी केली यावर ठरते, हे याहून स्पष्ट कसे दिसावे?

चौथ्या वाटेने आलेल्या गाठी म्हणतात त्या याच. दुर्मीळ कर्करोगांचेही तसेच होते. संशोधकाजवळ हजार रुग्ण असतात. त्यांत कुठल्या प्रकाराचे चार, कुठल्याचे सात. एवढ्याशा संख्येवरून गणित मांडता येत नाही, म्हणून ते सगळे ‘इतर’ म्हणून बांधले जातात. अडचण खरी आहे. पण युरोपातल्या नोंदण्यांनी २०११ साली एकत्र हिशेब केला, तेव्हा दिसले की असे दुर्मीळ कर्करोग मिळून एकूण कर्करोगांच्या सुमारे २२ टक्के होतात. सुटे सुटे पाहिले तर नगण्य, एकत्र पाहिले तर दर पाच रुग्णांत एकाहून अधिक. हे सारे किरकोळीत टाकून कसे चालेल?

संगणकाच्या काळात हा प्रश्न अधिक नाजूक झाला आहे. माणूस निदान ‘इतर’ वाचून भुवई उंचावतो. यंत्राला जे नाव द्याल ते खरे मानून ते शिकते. वीस प्रकारच्या गाठींवर ‘इतर’ अशी एकच चिठ्ठी लावली, तर त्या वीसांत काय समान आहे हे ते शोधू लागते; आणि समान काही नसले तरी काहीतरी शोधून काढते.

याच यंत्रांचा चांगला उपयोगही झाला आहे. लहान मुलांच्या मेंदूतल्या काही गाठींना अनेक वर्षे ‘सीएनएस-पीनेट’ म्हणत. हायडेलबर्गच्या संशोधकांच्या पुढाकाराने २०१६ साली अशा ३२३ गाठी तपासल्या गेल्या, त्यांच्या डीएनएवरच्या रासायनिक खुणांवरून. त्यांतल्या कितीतरी गाठी प्रत्यक्षात दुसऱ्याच, आधी माहीत असलेल्या प्रकारांच्या निघाल्या. उरलेल्यांत चार नवे प्रकार सापडले. त्याच वर्षी अधिकृत वर्गीकरणातून ते नाव वगळले गेले. एकाच नावाखाली निरनिराळे आजार असलेली मुले होती, आणि त्या नावावरूनच त्यांचे उपचार ठरत होते.

मग काय, ‘इतर’ हा रकाना पुसूनच टाकावा? नाही. तसे केले तर लिहिणाऱ्याला कुठलेतरी नाव ठोकून द्यावे लागेल, आणि ते अधिक वाईट. शिवाय प्रत्येक गाठ सुटी मोजण्यातही धोका आहे. १९५७ साली युगांडात डेनिस बर्किट या शल्यचिकित्सकाला एक मुलगा दिसला, जबड्याच्या दोन्ही बाजूंना गाठी असलेला. थोड्याच दिवसांत दुसऱ्या गावी जबड्यात आणि पोटातही गाठी असलेली एक मुलगी दिसली. त्यांनी जुन्या नोंदी चाळल्या. जबड्याची गाठ एका खात्यात, मूत्रपिंडाची दुसऱ्यात, अंडाशयाची तिसऱ्यात, अशी विभागणी झालेली होती. ते सगळे मिळून एकच आजार होता. आज त्याला ‘बर्किट लिम्फोमा’ म्हणतात. इथे अवयवांच्या कप्प्यांनी एका आजाराचे तुकडे केले होते. तेव्हा कप्पे वाढवले की ज्ञान वाढले, असे समीकरण मांडता येत नाही.

उपाय मला वाटते साधा आहे, आणि तो मेंदूच्या गाठींच्या तज्ज्ञांनी २०१८ साली सुचवला. त्यांनी दोन शेरे वेगळे केले. ‘एनओएस’ म्हणजे आवश्यक तपासणी झाली नाही किंवा ती यशस्वी झाली नाही. ‘एनईसी’ म्हणजे तपासणी पूर्ण झाली, पण उत्तर प्रचलित कुठल्याही प्रकारात बसत नाही. पहिला शेरा सांगतो, इथे यंत्रणा कमी पडली, काम बाकी आहे. दुसरा सांगतो, इथे कदाचित नवे काही आहे, नीट पाहा. २०२१च्या अधिकृत वर्गीकरणाने हा भेद स्वीकारला. त्यात आणखी दोन शेऱ्यांची भर पडायला हवी: ‘कळले होते पण लिहिले गेले नाही’ आणि ‘नाव आहे, मोजणीच्या सोयीसाठी इथे ठेवले’. शेवटच्या बाबतीत मूळ नाव पुसायचे नाही, एवढे पथ्य पाळले तरी पुरे. एकत्र करायचे ते छापील तक्त्यात करावे, मूळ नोंदीत नव्हे. तक्ता पुन्हा मांडता येतो. खोडलेली नोंद परत येत नाही.

हे काम फक्त शास्त्रज्ञांचे नाही. आपल्यापैकी कुणाच्या घरी असा अहवाल आला आणि त्यात ‘एनओएस’ अशी अक्षरे दिसली, तर हबकून जाऊ नका. तो कुठला भयंकर प्रकार नव्हे. पण डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: तपासणी राहिली आहे, की तपासूनही बसत नाही? राहिली असेल तर ती करता येईल का, आणि तिने उपचारात फरक पडेल का? दुसऱ्या रुग्णालयात जाताना नुसता कागद नेऊ नका. काचा आणि मेणाचे ठोकळे मागून घ्या, त्यांची पावती जपा. कागदावर त्या दिवशी जेवढे कळले तेवढेच असते. ठोकळ्यातली गाठ मात्र पुन्हा तपासता येते, आणि उद्या नवी तपासणी निघाली तर तिचे खरे नाव त्याच ठोकळ्यातून कळू शकते.